आजार आधीचा, विमा नंतरचा

लखनौच्या विमानतळाला चौधरी चरणसिंग यांचे नाव मिळून बरीच वर्षे लोटली. तरी गावातील जुनी माणसे आणि रिक्षावाले त्याला अजून ‘अमौसी’च म्हणतात. विमानतळाच्या फाटकाबाहेर आले की कानपूरचा रस्ता लागतो. एका अंगाने तो चारबाग स्थानकाकडे जातो आणि दुसऱ्या अंगाने सरोजिनीनगर, उन्नाव करीत गंगेपलीकडच्या कानपुरास पोचतो. या रस्त्याच्या आजूबाजूला अमौसीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास येथे उभे राहिले, तर सायकलींवरून, मोटारसायकलींवरून आणि पायी कामावर जाणाऱ्यांची एकच रीघ दिसते. त्यांपैकी बहुतेकांच्या हातात जेवणाचा डबा असतो आणि अनेकांच्या खिशात एक छोटेसे ओळखपत्र असते. त्या ओळखपत्राची किंमत ते खिशात असेपर्यंत फारशी कोणाला कळत नाही. आमच्या एका नातेवाईक कुटुंबाला ती कशी कळली, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पगारवाढीचे पेढे

आमची एक मावसबहीण, जिला आम्ही सारी भावंडे ताई म्हणतो, लग्न होऊन सांगलीहून लखनौला आली. तिचे सासरे १९७० नंतरच्या दशकात सरोजिनीनगरच्या सरकारी स्कूटर-कारखान्यात नोकरीस लागले आणि कुटुंब तेथेच रुजले. तो कारखाना २०२१ साली बंद करण्यात आला. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मात्र पहिल्यापासून अमौसीतील एका लहानशा खासगी कारखान्यात यंत्रावर काम करतात. घरात मराठी बोलतात, दारात हिंदी. दिवाळीत चकली होते आणि होळीला गुजिया.

काही वर्षांपूर्वी ताईला मधुमेह असल्याचे निदान झाले. पाठोपाठ रक्तदाबही निघाला. भावोजींना कामगार विम्याचे कार्ड होते, त्यामुळे तपासणी, गोळ्या आणि पुढे इन्शुलिनदेखील त्या योजनेतून मिळू लागले. दवाखान्यात गर्दी असे, कधी एखादे औषध आठवडाभर मिळत नसे, ताई त्याबद्दल कुरकुरतही असे. तथापि औषधाच्या पैशासाठी घरातील दुसरा कोणता खर्च थांबला, असे कधी झाले नाही.

२०२४ च्या जून महिन्यात भावोजींना बढती मिळाली आणि त्यांचा पगार २१,००० रुपयांच्या पुढे गेला. घरात पेढे वाटले गेले. त्याच सुमारास कारखान्याच्या कारकुनाने त्यांना सांगितले की, आता तुमची कामगार विम्याची वर्गणी सप्टेंबरअखेर थांबेल आणि पुढच्या वर्षीच्या जूनअखेर कार्डही थांबेल. भावोजींनी ते ऐकले आणि सोडून दिले. वर्ष मोठे वाटते. आम्ही २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस लखनौला गेलो, तेव्हा त्या मुदतीचा एकच महिना उरला होता.

त्या दिवशी मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पहिली करंडी घरी आली होती. ताईने सर्वांना फोडी करून दिल्या, स्वतः एकच फोड घेतली आणि टेबलावर पडलेला विम्याचा अर्ज आमच्यापुढे सरकवला. “तू भाषांतराचे काम करतोस ना? मग हे काय लिहिले आहे ते नीट सांग,” ती म्हणाली. अर्जात एक रकाना होता: पूर्वीपासून असलेला आजार. आम्ही अर्थ सांगितला. तिने विचारले, “आधीचा म्हणजे कशाच्या आधीचा?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. आजार पॉलिसीच्या आधीचा, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या दृष्टीने आजार आणि त्याचा विमा ही दोन्ही अनेक वर्षे बरोबरच चालत आली होती. विमा बदलला आणि त्या क्षणी आजार ‘आधीचा’ झाला.

एजंटाने त्या रकान्यावर एक तोडगाही सुचवून ठेवला होता. “तेथे ‘नाही’ लिहा. लिहिले तर हप्ता वाढेल, कदाचित अर्जच नाकारला जाईल. पुढचे पुढे पाहू.” भावोजींनी आमच्याकडे पाहिले. “तुम्ही काय म्हणता?” आम्ही त्या वेळी जे म्हणालो, ते पुढे येईलच. पण त्याआधी हे कोडे मुळात का पडते, ते पाहिले पाहिजे.

आडारकरांची योजना

अमौसीहून कानपूरला जाणाऱ्या रस्त्यावरून फार तर दोन तासांत जेथे पोचता येते, तेथेच या कोड्याचे एक उत्तर भारतात प्रथम अमलात आले. आणि त्या उत्तरामागे एक मराठी नाव आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या मार्च महिन्यात, तत्कालीन सरकारने कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविले. त्यांनी आपला अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर केला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात काही फेरफार सुचविले, आणि अखेर १९४८ च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना एकाच दिवशी सुरू झाली. कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कमध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. आरंभी या दोन शहरांतील मिळून सुमारे १,२०,००० कामगार तिच्या छत्राखाली आले. नागपूर आणि मुंबई येथील कामगारांपर्यंत ती १९५४ साली पोचली. पुढे कामगारांच्या कुटुंबीयांनाही वैद्यकीय उपचार मिळू लागले.

या योजनेचा खरा विशेष असा की, कामावर लागताना कामगाराला ‘तुला आधीपासून काही आजार आहे काय?’ असे विमा विचारीत नाही. क्षयाचा रोगी असो, मधुमेहाचा असो, की पूर्ण निरोगी असो, कारखाना योजनेत असेल आणि पगार मर्यादेत असेल, तर प्रत्येकाची वर्गणी पगाराच्या सारख्याच प्रमाणात कापली जाते. १ जुलै २०१९ पासून हे प्रमाण कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असे ठरले. कामावर रुजू झाल्याच्या दिवसापासून साधे उपचार मिळतात. मोठ्या, विशेष उपचारांसाठी तेवढी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. आजारपणात रजा पडली, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. आणि क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत त्याहून अधिक काळ, ८० टक्क्यांनी.

निरोगी माणूस आजाऱ्याचा भार उचलतो, हे या योजनेत कोणी उपकार म्हणून करीत नाही. कारण उद्या तोच आजारी पडणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. आजाऱ्याला वगळून आरोग्याचा विमा करणे म्हणजे भुकेल्याला वगळून पंगत मांडण्यासारखे आहे.

बाजाराचे गणित

मग खासगी विमा कंपन्या असे का करीत नाहीत? त्या केवळ निष्ठुर आहेत, असे म्हणून भागत नाही. त्यांची अडचण एका लहानशा हिशेबाने समजेल.

समजा, एका पेठेतील १०० कुटुंबांनी आजारपणासाठी सामाईक निधी काढला. वर्षात त्यांपैकी ५ कुटुंबांत प्रत्येकी १ लाख रुपयांचे आजारपण निघते. एकूण खर्च ५ लाख. म्हणजे प्रत्येक कुटुंबाने ५,००० रुपये भरले की काम झाले. आता असे ठरले की, ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा, आजारी पडल्यावरसुद्धा निधीत यावे. मग शहाणी माणसे म्हणतील, ‘आज कशाला भरायचे? आजारी पडू तेव्हा भरू.’ निधीत २० कुटुंबेच उरतील, आणि त्यांत ती ५ आजारी कुटुंबे हमखास असतील. खर्च तोच ५ लाख, पण आता प्रत्येकाच्या वाट्याला २५,००० रुपये येतील. हा आकडा ऐकून उरलेली निरोगी कुटुंबेही निघून जातील, आणि निधीच मोडेल.

आजार आधीच असलेल्यांना कंपन्या अडवितात, त्याचे मूळ या भीतीत आहे. या भीतीवर जगाने दोन प्रकारचे उपाय काढले. पहिला उपाय म्हणजे सर्वांना एकाच वेळी आत घेणे. जर्मनीने १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा केला, तो याच विचाराने. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्यान्वये १ जानेवारी २०१४ पासून कंपन्यांना जुन्या आजारामुळे कोणाला नाकारण्याची वा जादा हप्ता आकारण्याची मनाई झाली. त्याबरोबरच विमा न घेणाऱ्यांवर दंड आणि गरजूंना हप्त्यासाठी साहाय्य अशी जोड देण्यात आली होती. तो दंड पुढे २०१९ पासून शून्यावर आणला गेला, मनाई मात्र टिकली.

दुसरा उपाय म्हणजे दार उघडे ठेवायचे, पण काही काळ उंबरठ्यावर थांबवायचे. भारतातील खासगी विम्याने हा मार्ग धरला.

उंबरठ्यावरची तीन वर्षे

आपल्याकडे सर्वसाधारण कुटुंबांसाठी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी १९८६ साली आली. त्या वेळी सर्वसाधारण विमा संपूर्णपणे सरकारी कंपन्यांच्या हाती होता. पॉलिसीपूर्वीच्या आजाराला या विम्यात स्थान नव्हते. पुढे नियामक संस्था स्थापन झाली, खासगी कंपन्या आल्या, आणि हे दार हळूहळू किलकिले होत गेले. २०१३ च्या नियमांनी पॉलिसीचे आजीवन नूतनीकरण करण्याचा हक्क दिला, आणि जुन्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ अधिकात अधिक ४८ महिने, म्हणजे चार वर्षे, असा ठरविला.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून जे नवे नियम लागू केले, ते प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की, प्रतीक्षेचा काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पॉलिसी सलग ३६ महिने चालू राहिली की, अर्जात सांगितलेल्या जुन्या आजाराचा खर्च कंपनीला नाकारता येत नाही. कंपनी याहून कमी काळ ठेवू शकते, जास्त ठेवू शकत नाही.

दुसरा असा की, ‘जुना आजार’ कशाला म्हणावे, त्यालाही मर्यादा घातली गेली. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे डॉक्टरांनी निदान केले, किंवा ज्यासाठी त्या काळात सल्ला वा उपचार घेतले, तोच जुना आजार. लहानपणी झालेल्या आणि पूर्ण बऱ्या झालेल्या दुखण्याचे भूत मानगुटीवर बसविता येत नाही.

तिसरा असा की, पॉलिसी सलग ६० महिने, म्हणजे पाच वर्षे, चालली की त्यानंतर ‘तुम्ही अमुक गोष्ट सांगितली नव्हती’ या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. केवळ फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता.

चौथा असा की, ६५ वर्षांवरील माणसांना नवी पॉलिसी देण्याचे बंधन पूर्वी कंपन्यांवर नव्हते. आता सर्व वयाच्या माणसांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवण्यास त्यांना सांगण्यात आले आहे.

याखेरीज २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्ती व कुटुंबाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर उठविण्यात आला. मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि यामुळे सारे प्रश्न सुटले असे मात्र नाही. मधुमेहाच्या माणसाला हप्ता जादा सांगण्याची कंपनीला मोकळीक आहे. अर्ज नाकारण्याचीही आहे. आणि तीन वर्षे थांबणे तरुण, धडधाकट माणसाला जेवढे सोपे, तेवढे आजारी माणसाला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा ‘जुना आजार असलेले’ हा काही थोड्या अभाग्यांचा वर्ग नाही. बहुतेक घरांत असे एक तरी माणूस आहे, आणि पुष्कळदा घर चालते ते त्याच माणसामुळे.

त्या रकान्यात काय लिहावे

आता ताईच्या अर्जाकडे येऊ. एजंटाचा सल्ला अनेक घरांत पाळला जातो, आणि तो पाळणाऱ्यांना आपण काही मोठे पाप करतो आहोत असेही वाटत नाही. ‘सारेच तसे करतात’ हे त्याचे समर्थन. पण या सल्ल्याचा धोका एजंटाला नसतो. तो सर्वस्वी रोग्याला असतो.

विमा हा परम विश्वासाचा करार आहे, असे कायदा मानतो. जी गोष्ट माहीत झाली असती तर कंपनीने वेगळा निर्णय केला असता, ती सांगणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असा एक खटला आला की, मूत्रपिंडाचा गंभीर विकार असताना तो न सांगता पॉलिसी घेतली गेली होती. रोगी दगावला आणि त्याच्या पत्नीने दावा केला. न्यायालयाने कंपनीची बाजू ग्राह्य धरली. त्या घराला दुहेरी दुःख सोसावे लागले.

याच्या उलट बाजूचा खटला २०२१ च्या डिसेंबरमध्ये निकालात निघाला. एका गृहस्थाने परदेशी जाताना विमा घेतला होता. त्याला मधुमेह असल्याचे विम्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत नोंदलेले होते. अमेरिकेच्या विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. कंपनीने जुन्या आजाराकडे बोट दाखवून पैसे नाकारले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने निर्णय दिला की, रोग्याची प्रकृती जाणून घेऊन कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की अर्जात उघड केलेल्या त्याच आजाराचे निमित्त करून तिला मागाहून अंग काढून घेता येणार नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले, की त्या रकान्याचे उत्तर मिळते. सांगितलेला आजार कंपनीला बांधतो. लपविलेला आजार आपल्याला बांधतो. आम्ही भावोजींना एवढेच म्हणालो, “तीन वर्षे थांबावे लागेल, हे खरे. पण ‘नाही’ लिहिले, तर पाच वर्षे भीत राहावे लागेल, आणि त्यात फसवणुकीचा ठपका आला तर जन्मभर.”

भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताईनेच पेन घेतले. “जे आहे ते आहे,” ती म्हणाली आणि तिने त्या रकान्यात मधुमेह, रक्तदाब, निदानाचे वर्ष आणि चालू औषधांची नावे असे सारे लिहिले.

एका कंपनीने अर्ज परत केला. दुसरीने जादा हप्ता सांगून पॉलिसी दिली. जून २०२५ पासून ती चालू झाली. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ताईने लिहून ठेवले आहे: जून २०२८.

वर्षे वाया का जावीत?

ताईची हकिकत येथे संपली असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला आणि तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले.

भावोजींनी वर्षानुवर्षे कामगार विम्याची वर्गणी भरली. त्या काळात ताईच्या आजारावर उपचार झाले, त्याच्या नोंदी झाल्या. लपवाछपवी कसलीच नव्हती. आजारी पडल्यावर विमा शोधणारे हे कुटुंब नव्हते. ज्या चतुराईच्या भीतीने कंपन्या तीन वर्षांचा उंबरठा घालतात, ती चतुराई येथे तिळमात्र नव्हती. तरीही कामगार विम्यातून खासगी विम्यात जाताना त्या साऱ्या वर्षांची गणती शून्य झाली.

एका विमा कंपनीतून दुसरीत जाणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. २०११ च्या ऑक्टोबरपासून भारतात अशी सोय आहे की, कंपनी बदलली तरी आधीच्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षेचा काळ नव्या पॉलिसीत धरला जातो. मोबाइलची कंपनी बदलली तरी क्रमांक कायम राहतो, तसेच हे. मग राज्याच्या योजनेत भरलेली वर्षे तेवढी का धरली जाऊ नयेत?

या दिशेने विचार झालेलाच नाही, असे नाही. कामगार विम्याच्या नियमांत निवृत्त कामगारासाठी पूर्वीपासून एक तरतूद आहे. किमान पाच वर्षे विम्यात राहून जो वयोमानाने निवृत्त होतो, त्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महामंडळाने आणखी एक पाऊल टाकले आणि पगार वाढल्यामुळे योजनेबाहेर पडून नंतर निवृत्त झालेल्या काही कामगारांनाही, ठरावीक अटींवर, हा लाभ देण्याचे मंजूर केले. म्हणजे पगार वाढला एवढ्यावरून माणसाचा आजार संपत नाही, हे तत्त्व मान्य झाले आहे. पण योजनेबाहेर पडल्यापासून निवृत्त होईपर्यंतची जी मधली वर्षे, त्यांच्यासाठी काहीच नाही.

मुळात पगाराची मर्यादा ही गरिबांपर्यंत योजना आधी पोचावी म्हणून घातली गेली. १९४८ च्या कायद्यात ती महिना ४०० रुपये होती. वाढत वाढत १ जानेवारी २०१७ रोजी ती २१,००० झाली. रेषा कोठे तरी ओढावी लागतेच. परंतु २०,९०० रुपये मिळविणाऱ्याची पत्नी निर्धास्त असावी आणि २१,५०० मिळविणाऱ्याच्या पत्नीने तीन वर्षे उंबरठ्यावर उभे राहावे, हे त्या रेषेच्या मूळ हेतूत बसणारे नाही. कामगार विम्यात घालविलेली वर्षे खासगी पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळात मोजावीत, किंवा ज्याला पूर्ण वर्गणी स्वतः भरून योजनेत राहायचे आहे त्याला राहू द्यावे, या दोन्ही गोष्टी अशक्य नाहीत.

घराघरांतून करण्याजोगे

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोपर्यंत कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पगार मर्यादेबाहेर जाणार असे दिसले की, कामगार विम्याचा लाभ नक्की कोणत्या तारखेपर्यंत आहे ते कारखान्यातून लिहून घ्यावे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून आणि ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबर लाभ मिळतो. हा मधला काळ अनमोल आहे. जुने कार्ड चालू असतानाच नवी पॉलिसी घेतली, तर प्रतीक्षेचे महिने तेव्हापासूनच मोजले जाऊ लागतात. भावोजींनी २०२४ च्या जूनमध्येच अर्ज भरला असता, तर ताईच्या दिनदर्शिकेवर २०२८ ऐवजी २०२७ हे साल असते.

पॉलिसी सलग ठेवावी. हप्त्याची तारीख चुकून पॉलिसी खंडित झाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. भरलेल्या अर्जाची प्रत घरी जपून ठेवावी. एजंटाने भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी स्वतः वाचावा.

घरात ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे कोणी असेल, तर त्यांच्यासाठी आयुष्मान भारत योजनेचे कार्ड काढावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती योजना खुली झाली. तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. महाराष्ट्रातील वाचकांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली आहे. ताई हसून म्हणाली होती, “सांगलीत राहिले असते तर बरे झाले असते.” पण माणूस पोटामागे जातो आणि राज्याच्या योजना राज्याच्या सीमेवर थांबतात, हेही खरेच.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. लखनौ, मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे.

निघण्याच्या दिवशी ताई आम्हाला अमौसीच्या फाटकापर्यंत पोचवायला आली. हातात आंब्यांची पिशवी होती, आणि नेहमीप्रमाणे पर्समध्ये इन्शुलिनचा डबा. पाळी सुटली होती आणि रस्ता कामगारांनी भरून गेला होता. त्यांच्यापैकी कोणाला तरी त्या वर्षीही बढती मिळाली असेल, आणि कोणाच्या तरी घरी पेढे आले असतील. त्या घरातील आजारी माणसाला दुसऱ्या दिवशी ‘आधीचा’ ठरविले जाऊ नये. १९४४ साली आडारकरांनी जे आखले, ते एवढ्यासाठीच होते.